बोनेटखालचा जलसाठा

नागपूरच्या माणसाला उन्हाबद्दल कोणी शिकवायला येऊ नये. २३ मे २०१३ रोजी आमच्याकडे ४७.९ अंश नोंदले गेले. पुण्याचा कोणी नातेवाईक फोनवर "यंदा फारच उकडतंय हो, एकोणचाळीस!" म्हणाला की मी हा आकडा काढतो आणि त्याला गप्प करतो. मे २०२४ मध्ये तर रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले. ते यंत्रच बिघडलं होतं असा खुलासा हवामान खात्याने केला, पण तोवर मी तो आकडा सगळ्या पाहुण्यांना पाठवून मोकळा झालो होतो. खुलासा मात्र कुणाला पाठवला नाही. गावाची काही इज्जत असते.

अशा गावात गारवा तयार करणं ही घरोघरची विद्या आहे. होळी झाली की कूलर बाहेर निघतात, ताट्या बदलतात, वाळा भिजतो, पंप घासले जातात. आमच्या कॉलनीत या विद्येत माझा हात धरणारा कोणी नाही. कुणाच्या कूलरचा पंप पाणी ओढत नसेल, बोअरच्या पाण्याने ताटीवर क्षाराचा पांढरा थर धरला असेल, तर मला बोलावणं येतं. मी पाना घेऊन जातो, चहा पितो आणि बहुधा पंपही चालू करतो. त्यातच भर म्हणजे माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पाणी कुठून निघालं, कुठवर पोचलं आणि मधे कुठे मुरलं, हे लिहून ठेवण्यात तारुण्य गेलं. तेव्हा गेल्या वर्षी आम्ही स्ट्राँग हायब्रीड गाडी घेतली, आणि तिच्या बोनेटखाली पाण्याच्या चक्क दोन बाटल्या आहेत हे मला कळलं, तेव्हा निवृत्तीनंतरचं माझं स्थान निश्चित झालं.

आधी गाडीबद्दल. हिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि विजेची मोटरही आहे. दोघांपैकी कोणी कधी राबायचं ते गाडी स्वतः ठरवते. सिग्नलला इंजिन गप्प होतं. पहिल्याच आठवड्यात व्हरायटी चौकात शेजारच्या स्कूटरवाल्याने मला सांगितलं, "भाऊ, बंद पडली वाटते तुमची गाडी. धक्का देऊ का?" मी मान ताठ करून निघून गेलो. आवाज न करता निघून जाण्यात एक वेगळाच तोरा असतो, तो त्या गाडीने मला दिला, हे कबूल.

माहितीपुस्तक माझ्या बायकोने, म्हणजे हिने, वाचलं. हिने कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे सूचना वाचल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही हा नियम आमच्या स्वयंपाकघरालाही लागू आहे. तिने एका ओळीत सारांश सांगितला, "गाडी थंड असताना बाटलीतली पातळी दोन रेघांच्या मधे आहे का पाहायचं. असेल तर बोनेट लावायचं आणि घरात यायचं."

"झाकण उघडायचं कधी?"

"उघडायचंच नाही. बाटली अर्धपारदर्शक आहे. बाहेरून दिसतं."

या उत्तराने मी निराश झालो. खात्याच्या जीपच्या जमान्यात रेडिएटर हा माणसाळलेला प्राणी होता, त्याला पाजावं लागे. आमचा ड्रायव्हर चिखलदऱ्याचा घाट चढताना मधेच गाडी उभी करी, ओल्या फडक्याने झाकण हळूच सैल करी, वाफेचा फवारा आकाशात जाई, आणि मग तो कॅनमधलं पाणी ओती. त्या पाच मिनिटांत सगळे उतरून पाय मोकळे करत, कोणी विडी ओढी. इथे पाहायचं आणि घरात यायचं! एवढ्यासाठी अभियंता कशाला हवा?

मी नोंदवही उघडली. धरणावर पाण्याच्या पातळीची नोंद ठेवतात तशीच तारीख, वेळ, पातळी, शेरा. सकाळी फिरून आल्यावर एक वाचन, संध्याकाळी एक. दोनपैकी जी बाटली डोळ्यांसमोर होती, स्वच्छ होती आणि जिच्यातलं गुलाबी पाणी छान दिसत होतं, ती मी निवडली. दुसरी जरा आत, अडचणीत होती. मुख्य जलसाठा दर्शनी भागीच असणार, असं मी गृहीत धरलं.

पंधरवड्याभरात माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी पातळी चढते आणि सकाळी उतरते. मी शेऱ्याच्या रकान्यात "रात्रीची गळती?" असं लिहिलं आणि गाडीखाली पुठ्ठे अंथरले. पुठ्ठे कोरडेच. मग बाष्पीभवन. नागपूरच्या मे महिन्यात कूलर दिवसाला किती बादल्या पाणी पितो हे मला ठाऊक. गाडी तेवढं नाही तरी तांब्याभर पीत असणारच.

"द्रव तापला की प्रसरण पावतो," ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली. "आणि कूलरमधलं पाणी उडून जातं म्हणून गार वाटतं. गाडीतलं पाणी बंद नळ्यांतून फिरतं, ते उडायचं नसतंच. ते कमी झालं तर गळतंय असं समजायचं, तहान लागली असं नाही."

सगळा लेख खरं तर या तीन वाक्यांतच संपतो. पण मी तेव्हा ते ऐकलं नाही, म्हणून पुढे लिहिणं भाग आहे.

रस्त्यावरच्या दुकानात मी कूलंट मागितलं. दुकानदाराने विचारलं, "कौनसा? हरा, लाल, नीला?" सरबताच्या गाडीवरही मला एवढं स्वातंत्र्य मिळालेलं नव्हतं. जीपमध्ये हिरवं असे, त्यामुळे मी "हरा" म्हणालो. "सब सेम है साहब," असं त्याने वर आश्वासनही दिलं. दुकानदाराला दोष नाही. तो माझ्याच मनातलं बोलला.

भरण्यासाठी मी रविवारची दुपार निवडली, कारण प्रेक्षक होते. सुट्टीला आलेला नातू पुढच्या सीटवर ए.सी. लावून मोबाइल बघत होता. शेजारचे विमावाले भाऊ कुंपणाला रेलले.

"काय करून राहिले भाऊ?"

"काही नाही बाप्पा, गाडीले पाणी पाजून राहिलो."

"हायब्रीडले पाणी लागते?"

"दोन ठिकाणी लागते," मी गंभीरपणे म्हणालो. भाऊंचा चेहरा आदराने भरला.

आता, ए.सी. चालू होता म्हणजे गाडीही चालू होती. पण आवाज नव्हता, आणि ज्याला आवाज नाही ते बंद, हे साठ वर्षांचं शिक्षण. मी बाटलीचं झाकण काढलं, वाकलो, हिरवं कूलंट तिरपं केलं, आणि त्याच क्षणी गाडीला वाटलं की बॅटरी जरा भरून घ्यावी. माझ्या छातीखाली इंजिन सुरू झालं. मी जो उसळलो तो थेट बोनेटवर आपटलो, आणि हातातला कॅन अर्धा बाटलीत, अर्धा शर्टावर. हात पंख्यापासून लांब होता, म्हणून आज हा लेख दोन्ही हातांनी लिहितो आहे. आतून नातवाने काच खाली करून विचारलं, "आबा, हॉर्न वाजवला का तुम्ही?"

ही बाहेर आली तेव्हा बाटलीत गुलाबी आणि हिरवं मिळून मातकट रंग झाला होता. वर्गातला विद्यार्थी परीक्षानळीत भलतंच ओतून उभा असताना बाई ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात ती बोलली. कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी. अर्धं अर्धं मिसळलं की ते उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. (आमच्या गावाचा नीचांक ३.५ अंश, २९ डिसेंबर २०१८. म्हणजे ती हमी आम्हाला आणखी काही हिमयुगं पुरेल.) आमच्या कामाचा भाग वेगळा: हे मिश्रण साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं, आणि झाकणाच्या दाबाखाली तर सव्वाशे अंशांच्या घरात जाऊनही ते द्रवच राहतं. त्यात धातू गंजू नये म्हणून आणखी काही रसायनं असतात आणि ती प्रत्येक जातीत वेगळी. कुठे सिलिकेट, कुठे सेंद्रिय आम्लं, कुठे फॉस्फेट. भलत्या जाती एकत्र आल्या तर गंज रोखण्याचं काम ढिलं पडतं, कधी साका धरतो आणि बारीक वाटा तुंबतात.

"आणि रंग?"

"रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. एकाचा गुलाबी तो दुसऱ्याचा निळा. रंग बघून कूलंट घेणारा माणूस रंग बघून औषधही घेईल."

"मग आता?"

"आता काही करू नका. उद्या वर्कशॉपला फोन करते."

काही करू नका, या शब्दांचा माझ्यावर नेहमीच उलटा परिणाम होतो. ती वाचनालयात गेल्यावर मी नातवाची होळीची पिचकारी घेतली आणि बाटलीतलं मिश्रण ओढून काढायला लागलो. पिचकारी उत्तम चालत होती, त्यामुळे मी तळापर्यंत गेलो. तळाच्या भोकातून थोडं बुडबुड झालं. मला वाटलं, स्वच्छता झाली. काढलेलं पाणी एका कटोऱ्यात ठेवलं, तर कॉलनीचा लाडका कुत्रा शेपूट हलवत आला. नेमकी त्याच वेळी ही परतली. मी तिला आजवर एवढं धावताना पाहिलेलं नाही. तिने कटोरा उचलला आणि कुत्र्याला हाकललं. हे पाणी चवीला गोड लागतं. कुत्री-मांजरी ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडं कायमची निकामी होतात. लहान मुलांनाही तितकंच घातक. हा भाग विनोदी नाही, म्हणून सरळ लिहिला. कूलंटचा डबा त्या दिवसापासून कुलपात आहे.

या धांदलीत बाटलीत नंतर काय भरलं, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आर.ओ.चं पाणी भरलं होतं. आपण पितो ते पाणी गाडीला चालणार नाही, हे मनाला पटत नव्हतं. पातळी दोन रेघांच्या मधोमध आणली आणि वहीत "पूर्ण क्षमतेने भरले" असं लिहून खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, वर्कशॉप उघडायच्या आधी, नातवाला रामटेक दाखवायचं निघालं. निदान मी तरी ते काढलं. मला भरलेल्या बाटलीची चाचणी घ्यायची होती. कामठी मागे पडली, कन्हानचा पूल ओलांडला आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: हायब्रीड सिस्टीम तापली आहे, शक्ती कमी करत आहोत. इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र जागेवर होता.

"गाडी खोटं बोलते," मी म्हणालो.

"गाडीला नोकरीत बढती घ्यायची नाही," ही म्हणाली. "बाजूला घ्या."

कडुनिंबाखाली उभे राहिलो. एका ट्रकवाल्याने थांबून मोलाचा सल्ला दिला, "रेडिएटर पे पानी मारो साहब, सब ठंडा हो जायेगा." माझा हात कॅनकडे गेला तेवढ्यात हिने कॅन स्वतःच्या मांडीवर घेतला. दोरी बांधून ओढायची तयारी दाखवणाराही एक भेटला. तेही चालत नाही. पुढची चाकं रस्त्यावर फिरली की आतल्या मोटरी फिरतात आणि वीज तयार करू लागतात. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. ट्रक आला. कामठी रोडने आमची गाडी ट्रकवर, आणि ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही तिघं, असे परत आलो. नातवाला रामटेकपेक्षा हे जास्त आवडलं.

ट्रकला वर्कशॉपला जायची वाट आमच्या कॉलनीवरूनच होती. भाऊ फाटकात उभे होते. ते तेवढं एकच वाक्य बोलले, "आपले गडकरी साहेब हायड्रोजनच्या गाडीत संसदेत गेले थे ना, त्या गाडीतून पाणी निघते म्हणे. तुमच्या गाडीत टाका लागते." मिराई नावाच्या त्या गाडीतून गडकरी मार्च २०२२ मध्ये संसदेत गेले होते आणि तिच्या धुराड्यातून खरंच पाणीच निघतं, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

वर्कशॉपमध्ये एक तरुण मुलगी टॉर्च घेऊन आली. तिने बोनेट उघडलं, बटण दाबून गाडी जागी केली आणि माझ्या आवडत्या बाटलीवर प्रकाश टाकला. आम्ही तिघं त्या प्रकाशात पाहत राहिलो.

"काका, ही इंजिनाची बाटली नाहीच. ही इन्व्हर्टरची. बॅटरीची वीज मोटरला लागते तशी करून देणारा डबा असतो ना, तो तापतो. त्याचं पाणी वेगळं, पंप वेगळा. इंजिनाचं पाणी नव्वद अंशांच्या आसपास खेळतं; याचं त्याहून बरंच गार राहायला हवं." मग ती जरा थांबली. "पंप चालू असला की या बाटलीत पाणी हलताना दिसतं. हे बघा, हलतच नाहीये. आत हवा अडकलीय. कोणी बाटली पूर्ण रिकामी केली होती का?"

हिने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून नोंदवही काढून पुढे केली. त्या मुलीने ती खरोखर आदराने चाळली.

"काका, पातळी तर तुम्ही रोज दोनदा लिहिलीय. पाणी वाहतंय की नाही ते कुठे लिहिलंय?"

पातळी हा अर्धाच हिशेब असतो, हे मी कनिष्ठ अभियंत्यांना नोकरीभर ऐकवलं. कालवा काठोकाठ भरलेला दिसतो आणि शेपटाच्या शेतकऱ्याला थेंब मिळत नाही, म्हणून प्रवाह मोजा, करंट मीटर टाका, वाहतं पाणी लिहा. आणि पदरच्या पैशाने घेतलेल्या गाडीत मी साचलेलं पाणी मोजत बसलो होतो. हे मी मनातच ठेवलं. हिला माहीत होतंच; ती पेन शोधत होती.

मुलीने बाकीची तपासणी सुरू केली. मागच्या सीटजवळच्या जाळीपाशी ती वाकली आणि तिने चिमटीत धरून काहीतरी बाहेर काढलं. वाळ्याच्या ताटीचा तुकडा. अजून ओलसर होता आणि सुगंध दरवळत होता.

"हे काय आहे?"

इथे माझ्या बाजूने थोडं सांगायला हवं. अशा बऱ्याच गाड्यांत मोठी बॅटरी पाण्याने नाही, केबिनमधल्या हवेने गार ठेवतात. त्या जाळीतून पंखा हवा ओढतो. हे मी वाचलं होतं. जाळी, पंखा, आत जाणारी हवा, बाहेर ४४ अंश. ज्याने तीस उन्हाळे कूलर बसवले, त्याच्या हाताने इथे दुसरं काय घडणार? मी तुकडा मापाने कापून, भिजवून, नीट बसवला होता.

मुलगी हसली नाही. हे तिचं शिक्षण चांगलं झाल्याचं लक्षण. ती एवढंच म्हणाली की या जाळीसमोर पिशवी, उशी, टॉवेल काहीही ठेवायचं नसतं, आतली गाळणी अधूनमधून साफ करायची असते, आणि उच्च दाबाच्या बॅटरीवर दमट हवा सोडण्याचा प्रयोग तिने आजवर पाहिलेला नाही. मग तिने विचारलं, इंजिनाच्या बाटलीत हिरवं गेलं नाही हे शपथेवर सांगता येईल का? मी शपथ घेतली नाही. दोन्ही पाणी बदलायचं ठरलं.

इंजिनाचं पाणी बदलणं हा पाहण्यासारखा प्रकार निघाला. नवं पाणी भरल्यावर आतली हवा निघायला इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडावा लागतो, आणि ही गाडी इंजिन दोन मिनिटं सलग चालू देत नाही. त्यावर प्रियस या जुन्या हायब्रीड गाडीच्या काळापासून एक युक्ती आहे. मिनिटभराच्या आत, गाडी जागी पण चालू नाही अशा अवस्थेत, पी वर ॲक्सिलरेटर दोनदा तळापर्यंत, एन वर दोनदा, पुन्हा पी वर दोनदा, मग ब्रेक दाबून बटण. पडद्यावर देखभालीचा संदेश येतो आणि इंजिन मुकाट्याने चालत राहतं. आमच्याकडे सत्यनारायणालाही इतके नियम नाहीत. मी ते वहीत उतरवू लागलो तर हिने वही मिटली.

घरी आल्यावर ती फोनवर वाचत बसली आणि अचानक हसायला लागली. २००४ ते २००९ मधल्या अमेरिकेतल्या प्रियसमध्ये म्हणे तीनेक लिटरचा एक थर्मास बसवलेला असे. गरम कूलंट त्यात तीन दिवसांपर्यंत ऊबदार राही, आणि थंडीत गाडी सुरू करण्याआधी ते इंजिनात सोडत, म्हणजे सुरुवातीचा धूर कमी होई. पाणी गरम ठेवायला थर्मास! आमच्या गच्चीवरची काळी टाकी हे काम मे महिन्यात फुकट करते. दुपारी नळाखाली हात धुवायचीही सोय नसते.

नोंदवही अजून चालू आहे. रकाना एकच वाढला, "प्रवाह". त्याखाली "आहे" असं लिहितो. वर्कशॉपच्या कागदावर मालकाला दिलेल्या सूचनांच्या जागी त्या मुलीने "मालकाने काहीही करू नये" असं लिहून दिलं आहे. तो कागद हिने फ्रिजवर लावला.

गेल्या आठवड्यात भाऊंनीही हायब्रीड घेतली. पेढे द्यायला आले आणि निघताना म्हणाले, "एकदा बाटली पाहून द्या ना, भाऊ. तुम्हाले अनुभव आहे." मी चपला घालत होतो तेवढ्यात ही आतून म्हणाली, "जा ना. पण हात मागे बांधून. आणि तो पाना इथेच राहू द्या."